बेअर्सची नवी ओ-लाईन : थूनी, डॅलमन, जॅक्सन आणि डावीकडचं भगदाड

नेपरव्हिलचा नाना
१२ मार्च २०२५, सकाळी ७.१०

मंडळी, जुना धागा पाचशे प्रतिसादांच्या वर गेला आणि शेवटचे दोनशे प्रतिसाद म्हणजे नुसता आपले जनरल मॅनेजर पोल्स यांच्या नावाने शिमगा आहे. उद्या होळी आहे, तिथे जाऊन मनसोक्त बोंब मारा. इथे फक्त शिकागो बेअर्सची ओ-लाईन, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसमोर (बॉल फेकणाऱ्यासमोर) भिंत बनून उभे राहणारे पाच जण.

आठवड्याभरात काय झालं ते आधी सांगतो. रॅम्सकडून जोना जॅक्सन, यंदाच्या ड्राफ्टमधल्या (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) सहाव्या फेरीच्या पिकवर. चीफ्सकडून जो थूनी, पुढच्या वर्षीच्या चौथ्या फेरीच्या पिकवर. आणि सोमवारी बाजार उघडल्या उघडल्या फाल्कन्सचा सेंटर ड्रू डॅलमन, ३ वर्षं, ४२ मिलियन. आज दुपारी तीन वाजता सगळ्यावर अधिकृत शिक्का बसेल. रांगेत दोन कडांना टॅकल, त्यांच्या आत गार्ड, मधोमध सेंटर. म्हणजे लेफ्ट गार्ड, सेंटर, राईट गार्ड, तिन्ही नवे. मधला अख्खा भाग उचकटून नवीन बसवला.

माझं मत : पोल्स आल्यापासून पहिल्यांदाच एखादं काम मुळापासून केल्यासारखं वाटतंय. गेल्या हंगामात आपल्या क्वार्टरबॅकला, केलेबला, ६८ वेळा आडवा केला. लीगमध्ये सर्वांत जास्त. पहिल्याच वर्षाचा पोरगा! २६ डिसेंबरला सिॲटलविरुद्ध मी सोल्जर फील्डवर होतो. ६-३ असा हरलो, तोच तो भीषण सामना. माझी तिकिटं एंड झोनच्या मागची असतात. लोक नाकं मुरडतात, पण लाईन बघायला त्याच्यासारखी जागा नाही, दोन माणसांमधली फट सरळ डोळ्यांसमोर उघडते. त्या रात्री फट नव्हती हो, दरवाजा होता. आतले दोघे बचावपटू कात्रीसारखे एकमेकांच्या आडून यायचे, आपला गार्ड पहिल्याच्या मागे जायचा, आणि दुसरा थेट केलेबच्या छातीवर. सात सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आतच सातदा आडवा. तिसऱ्या क्वार्टरनंतर माझ्या मुलाने फोन काढून गेम खेळायला सुरुवात केली, मी त्याला काही बोललो नाही.

तर बोला. पैसे योग्य ठिकाणी गेले का?

ढब्बू मिरची
१२ मार्च, सकाळी ७.४२

नाना, धागा छान, पण आनंद जरा जपून. २०२३ मध्ये नेट डेव्हिस आला तेव्हाही याच जागी आपण पेढे वाटले होते. ३ वर्षं, ३० मिलियन. २०२४ च्या नोव्हेंबरात नारळ दिला. त्याच्या आधी लुकास पॅट्रिक. आपल्याकडे बाहेरून आणलेला गार्ड म्हणजे गणपतीत भाड्याने आणलेलं जनरेटर. पहिल्या दिवशी झगमगाट, आरतीच्या वेळी बंद.

मृण्मयी ऑरोरा
१२ मार्च, सकाळी ८.१५

डॅलमनसाठी माझ्याकडून +१०००.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात लेफ्ट गार्ड आहे. तीन वर्षं त्याचे सामने बघून बघून मला आता बॉल दिसतच नाही, फक्त पाच पाठी दिसतात. त्यामुळे सेंटरचं काम काय असतं ते घरात रोज ऐकते. बॉल मागे देणं (स्नॅप) हा त्यातला सोपा भाग. त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत तो समोरची मांडणी वाचतो, मधला लाईनबॅकर (त्यांच्या बचावाच्या दुसऱ्या फळीतला) कोण ते बोट दाखवून सांगतो, आणि त्यावरून बाकीच्या चौघांनी कोणाला धरायचं ते ठरतं. त्याने चुकीचं बोट दाखवलं की पाचही जण इमानदारीत चुकतात. आमच्या चिरंजीवांच्या संघात सेंटरला ताप आला म्हणून एकदा यालाच मध्ये उभा केला. पहिले तीन स्नॅप क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेले. घरी आल्यावर दोन दिवस जेवताना बोलला नाही.

केलेबला पहिल्या वर्षी ही वाचायची कामंही बरीचशी स्वतः करावी लागली. आता मुख्य प्रशिक्षक म्हणून बेन जॉन्सन आलाय. डेट्रॉईटमध्ये त्याच्याकडे फ्रँक रॅग्नाऊ होता, लाईनचा मेंदूच तो. त्यामुळे इथे आल्यावर त्याने आधी सेंटर मागितला असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुणेरी पंटर
१२ मार्च, सकाळी ९.०१

सगळं वाचतोय. मी सदाशिव पेठेत बसून बेअर्स बघणारा एकमेव प्राणी असेन (आतेभाऊ शॉमबर्गला, त्याने नाद लावला). दोन शंका.

१. हे मिलियन-बिलियन डोक्यात शिरत नाही, कोटीत सांगा.
२. ही लाईन म्हणजे कबड्डीतली साखळी समजायची का?

नेपरव्हिलचा नाना
१२ मार्च, सकाळी ९.२०

पंटर, डॅलमनचे ४२ मिलियन म्हणजे ३ वर्षांचे साधारण ३६५ कोटी रुपये. वर्षाला १२० च्या घरात. आयपीएलच्या लिलावात पंतला २७ मिळाले तर आपण आठवडाभर चर्चा केली, आणि हा माणूस गर्दीत समोर आला तर इथल्या निम्म्या लोकांना ओळखूसुद्धा येणार नाही.

कबड्डीची उपमा अर्धीच लागू. तिथे कॉर्नर आणि कव्हर एकमेकांचा हात धरतात. इथे समोरच्याला धरलंस की होल्डिंग, १० यार्ड मागे. न धरता अडवायचं, तेही दीडशे किलोच्या माणसाला, आणि पाय मागे मागे सरकवत. साखळी आहे खरी, पण हात न गुंफता. एकमेकांचे खांदे कुठे आहेत ते न बघता कळावं लागतं.

चीजवाला चिंतू
१२ मार्च, सकाळी १०.३३

मिलवॉकीहून एका पॅकर्सवाल्याचा सप्रेम नमस्कार. दरवर्षी मार्च महिन्यात शिकागोकर अजिंक्यपद जिंकतात, ही परंपरा चालू राहिलेली बघून बरं वाटलं. 

दिवे घ्या.

ढब्बू मिरची
१२ मार्च, सकाळी १०.३६

आला! चिंतोपंत, तुमच्या लोकांनी ॲरन बँक्स नावाच्या गार्डला ४ वर्षांचे ७७ मिलियन दिलेत ना परवा? आधी तो हिशेब लावा, मग इकडे या. आणि जानेवारीत तुमच्याच मैदानावर २४-२२ कोण जिंकलं होतं?

चीजवाला चिंतू
१२ मार्च, सकाळी १०.४१

ती तुमची वर्षभरातली पाचवी मॅच होती जिंकलेली. १७ पैकी. मी काही बोलत नाही.

श्री. रा. रा. टॅकल
१२ मार्च, दुपारी १२.०५

मी नानांशी असहमत. सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे ६८ सॅकचं खापर नुसतं लाईनवर फोडणं सोयीचं आहे. केलेब बॉल फार वेळ हातात ठेवतो. कॉलेजात याच सवयीवर त्याने चमत्कार केले, आणि इथेही तो प्रत्येक वेळी चमत्काराची वाट बघतो. पॅट्रियट्सनी १० नोव्हेंबरला नऊ वेळा पाडला, तो सामना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून घड्याळ घेऊन बसलो. (बायकोने विचारलं, ऑफिसचं काम आहे का? हो म्हणालो.) नऊपैकी चारदा माझ्या मोजणीत तीन सेकंदांच्या वर गेला. तीन सेकंद कुठलाही गार्ड देत नाही, थूनीही देणार नाही.

दुसरं, जॅक्सन. रॅम्सनी गेल्या वर्षीच त्याला ३ वर्षांचे ५१ मिलियन दिले. खांद्याच्या हाडाची दुखापत, मध्येच त्याला सेंटरला उभा केला, मग बाकावर. एकूण चार सामने. आणि वर्षाच्या आत सहाव्या फेरीच्या बदल्यात आपल्या गळ्यात. लाईन ओळखण्यात रॅम्सचा प्रशिक्षक मॅकव्हे याचा हात धरणारे फार नाहीत. त्याने काढून टाकलेली वस्तू आपण 'संधी' म्हणून उचलतो?

तिसरं आणि मोठं : लेफ्ट टॅकल. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात डेट्रॉईटविरुद्ध मोडला. तो पाचव्या फेरीत मिळालेला पोरगा, त्या मानाने सोनं, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण ज्या पायावर रेटा घ्यायचा तोच पाय. केलेब उजव्या हाताचा, म्हणजे डावी बाजू त्याची पाठ. पाठीमागचं दार उघडं आणि आपण दिवाणखान्यात नवीन सोफा आणलाय.

ऊसाचा रस
१२ मार्च, दुपारी १२.२२

सोफा!

पण मग घ्यायचा कोण? बाजारात टॅकल होते कुठे? रॉनी स्टॅनली बाल्टिमोरनेच ठेवून घेतला, ३ वर्षं ६० मिलियन. डॅन मूरला टायटन्सनी ४ वर्षांचे ८२ दिले! पिट्सबर्गची मंडळी अजून हसतायत. त्या भावात मूर घेण्यापेक्षा जोन्सचा पाय प्लॅस्टरमधून निघायची वाट बघितलेली परवडली.

मृण्मयी ऑरोरा
१२ मार्च, दुपारी १.४८

टॅकलराव, तुमचं घड्याळ मान्य. पण तीन सेकंद का लागले, हेही बघा ना. कडेने कोणी आला तर क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि तो मागून निघून जातो. पुढे सरकायला जागा मात्र हवी. मधूनच भिंत कोसळली की पुढे जाता येत नाही, मग तो मागे पळतो, गोल फिरतो, आणि तुमच्या घड्याळात चार सेकंद होतात. केलेबची निम्मी धावपळ अशीच होती. म्हणून मधले तिघे आधी, टॅकल नंतर, हा क्रम मला पटतो. सोफा नाही आणलेला, मधला खांब बदललाय.

बॉल धरून ठेवायची सवय त्याला आहेच. ती जॉन्सनने मोडायची.

नेपरव्हिलचा नाना
१२ मार्च, दुपारी २.१०

अगदी हेच म्हणायचं होतं. मला इतकं नीट जमलं नसतं.

आणि जॅक्सनबद्दल : तो डेट्रॉईटला चार वर्षं होता, त्यातली बरीच जॉन्सनच्या हाताखाली. जॉन्सनने त्याला रोज सरावात पाहिलंय. मॅकव्हेने वर्षभर पाहिलं तेही दुखापतीसकट.

बापू दहीहंडीवाले
१२ मार्च, दुपारी ४.३०

दादर सोडून २२ वर्षं झाली तरी सवय जात नाही. मी आठ वर्षं तळाच्या थरात होतो. फोटो कायम वरच्या गोविंदाचा, आणि पडला की शिव्या आम्हाला. तेव्हा ओ-लाईनवर माझा जीव.

एक सांगतो. तळाच्या थरात एकेक पैलवान गोळा करून थर लागत नाही. आषाढापासून रोज रात्री सराव केला की शेजारच्याचा श्वास कळतो. तिघेही नवे आहेत, सप्टेंबरात लगेच जमणार नाहीत. पहिले चार सामने शिव्या न देता काढा एवढीच विनंती.

ढब्बू मिरची
१२ मार्च, दुपारी ४.३४

दहीहंडी येणार हे मी सकाळपासून धरून चाललो होतो, बापू. पण उपमा मान्य. शिव्या न देण्याची हमी मात्र देऊ शकत नाही.

बत्तीस वर्षांचा तरुण
१३ मार्च, सकाळी ६.५५

थूनीच्या वयावर कोणी बोललं नाही? नोव्हेंबरात तेहतीस लागेल त्याला. करारही एकच वर्ष उरलाय. चौथी फेरी देऊन एका वर्षाचा पाहुणा?

चार सुपर बोल अंगठ्या आहेत हे सगळे लिहितात. शेवटच्या अंगठीच्या सामन्यात तो खेळलाच नव्हता, छातीचा स्नायू दुखावला होता, हे कोणी लिहीत नाही. आणि या फेब्रुवारीत त्याला डावीकडे टॅकल म्हणून उभा केला तेव्हा ईगल्सनी चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, सहादा पाडला.

नेपरव्हिलचा नाना
१३ मार्च, सकाळी ७.३०

तरुण, तो गार्ड आहे. चीफ्सकडे डावीकडे कोणी उरलं नाही म्हणून तो तिकडे गेला, आणि तक्रार न करता गेला. बैल चांगला म्हणून त्याला गाडीच्या छपरावर बसवलं आणि वर बघा, चालत नाही म्हटलं, असं झालं. त्याच्या जागेवर त्याच्याइतका नेमका माणूस लीगमध्ये शोधून सापडणार नाही.

गार्डना वय तितकं छळत नाही, गुडघे छळतात. याचे गुडघे ठीक आहेत. आणि एका वर्षाचं म्हणाल तर पोल्स लवकरच करार वाढवेल, माझी पैज.

आणखी एक. पोल्स स्वतः बॉस्टन कॉलेजचा लाईनमन, चीफ्सच्या कार्यालयात वर्षानुवर्षं होता. थूनी तिथे आला तेव्हा हा तिथेच होता. ओळखीचा माल आहे.

श्री. रा. रा. टॅकल
१३ मार्च, सकाळी ८.०२

लाईनमन असूनही तीन वर्षं लाईन उभी करता आली नाही, हा बचाव आहे की आरोप?

ऊसाचा रस
१३ मार्च, सकाळी ८.०५

यावर चहा.

जुना बेअर
१३ मार्च, रात्री ९.१५

मी १९८४ मध्ये इथे आलो. पहिल्या हिवाळ्यात टीव्ही घेतला, दुसऱ्या हिवाळ्यात सुपर बोल. मला वाटलं इथे दरवर्षीच असं असतं.

त्या संघाचं नाव निघालं की लोक पेटन, डिट्का, बचाव, 'फ्रिज' पेरी सांगतात. पाच नावं कोणी घेत नाही : कोव्हर्ट, बॉर्ट्झ, हिल्गनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न. पाचही जण वर्षानुवर्षं एकत्र खेळले. थेअर अजून रेडिओवर समालोचन करतो, गॅरेजमध्ये बर्फ काढायचं फावडं शोधताना मी त्यालाच ऐकत असतो. बॉल कुठे गेला ते तो नंतर सांगतो, आधी गार्डने पाय कुठे टाकला ते सांगतो. त्याचं ऐकून ऐकून मला खेळ कळला.

त्या पाचांतले बाजारातून आणलेले किती होते? बापूंचं म्हणणं बरोबर आहे, एवढंच.

पुणेरी पंटर
१४ मार्च, सकाळी १०.४०

काका, हे प्रतिसाद वाचण्यासाठीच मी इथे येतो.

श्री. रा. रा. टॅकल
१४ मार्च, दुपारी १.००

ठीक, तिघे आले ते आले. मग आता दहावा पिक टॅकलवरच लावा. कॉलेजातल्या पोरांपैकी कॅम्पबेल, मेम्बू किंवा केल्विन बँक्स. कॅम्पबेलचे हात ३३ इंचांहून थोडे कमी भरले म्हणून गोंधळ घालतायत. मला तो चालेल. पोराला टेपने मोजायचं की खेळताना बघायचं?

मृण्मयी ऑरोरा
१४ मार्च, दुपारी १.२२

आमच्याकडे दर वाढदिवसाला उंचीच्या खुणेशेजारी हाताचीही खूण करतात दाराच्या चौकटीवर. ३३ इंच हा शब्द माझ्या घरात काढू नका, रडारड होते.

ढब्बू मिरची
१९ मार्च, सकाळी ७.१५

नाना पैज जिंकले. थूनीला आणखी २ वर्षं, ३५ मिलियन. रंगपंचमीच्या शुभेच्छा. माझ्याकडून वडापाव लागू, मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात घ्या.

बत्तीस वर्षांचा तरुण
१९ मार्च, सकाळी ७.५०

म्हणजे पाहुणा आता मुक्कामी. पाहू.

पुणेरी पंटर
११ जानेवारी २०२६, सकाळी ११.२० (पुण्याची वेळ)

धागा वर काढतोय!!!

काल रात्री (इथे आज सकाळी) पॅकर्सविरुद्ध मध्यंतराला २१-३ ने मागे होतो, मी टीव्ही बंद करून पोहे करायला घेतले. आतेभावाचा फोन आला, टीव्ही लाव गाढवा. ३१-२७! घरातल्यांना वाटलं गॅस भडकला.

चिंतोपंत कुठे आहेत?

ढब्बू मिरची
११ जानेवारी, सकाळी ७.३०

मीही चिंतूचीच वाट बघतोय. मार्चमध्ये अजिंक्यपद जिंकतो म्हणाला होता ना? आता जानेवारी आहे.

आणि हो, हा धागा पुन्हा वरपासून वाचला. भाड्याच्या जनरेटरचं विधान मी मागे घेतो. ६८ सॅक होत्या, यंदा २४. डिव्हिजन आपली, ११-६. केलेबचे ३९४२ यार्ड, आपल्याच क्रेमरचा १९९५ चा संघाचा विक्रम मोडला.

चीजवाला चिंतू
११ जानेवारी, सकाळी ९.५८

अभिनंदन. घशाला बरं नाही, जास्त लिहीत नाही.

नेपरव्हिलचा नाना
११ जानेवारी, सकाळी १०.१५

मी तिथेच होतो, त्याच एंड झोनमागे. शेवटच्या पंधरा मिनिटांत आतून फट उघडली नाही. केलेब पुढे पाऊल टाकत होता. २०२४ च्या डिसेंबरात त्याला पुढे पाऊल टाकताना मी पाहिलंच नव्हतं. मृण्मयीताईंची आठवण आली. मुलाने फोन काढला, व्हिडिओ करायला.

श्री. रा. रा. टॅकल
१२ जानेवारी, सकाळी १०.४०

मधल्या तिघांबद्दल मी चुकलो, जॅक्सनसकट. लिहून देतो.

डावीकडे मात्र काय झालं ते सांगा. दहाव्या पिकपर्यंत कॅम्पबेल, मेम्बू, बँक्स तिघेही गेले होते, आपण टाईट एंड (अडवणारा आणि बॉल झेलणाराही) घेतला. मग हंगामभर लेफ्ट टॅकलवर संगीतखुर्ची. आधी जोन्स, मग कॅनडातून आलेला बेनेडेट, मग दुसऱ्या फेरीतला ट्रापिलो. तो कुठे जरा स्थिरावतोय तर परवा त्याचा गुडघा गेला. येत्या रविवारी रॅम्स. त्यांची समोरची फळी माहीत आहे ना?

मृण्मयी ऑरोरा
१२ जानेवारी, सकाळी ११.०२

तो टाईट एंड परवा १३७ यार्ड घेऊन गेला, टॅकलराव. पण ट्रापिलोचं वाईट वाटलं. त्याला खाली बसलेला पाहून आमचा डावा गार्ड खोलीत निघून गेला.

बापू दहीहंडीवाले
१२ जानेवारी, सकाळी ११.३०

एक जण बदलला की शेजारच्याला पुन्हा पहिल्यापासून. आता थूनीचं काम दुप्पट. डावीकडे कोणीही उभा राहो, त्याचा अर्धा भार तोच उचलणार. बाकी चौघे तेच आहेत ना, मग निभेल.

पुणेरी पंटर
१२ जानेवारी, रात्री ११.४५ (पुण्याची वेळ)

रॅम्सचा सामना आपल्या वेळेनुसार किती वाजता?

नेपरव्हिलचा नाना
१२ जानेवारी, दुपारी १२.२५

इथे रविवारी संध्याकाळी साडेपाच. म्हणजे तुझ्याकडे सोमवारी पहाटे पाच. पोहे आदल्या रात्रीच करून ठेव, आणि काही झालं तरी टीव्ही बंद करू नकोस.